मास्तर आणि मिस्त्री

यंदाचा पाऊस ओसरला आणि माझी जुनी गाडी गुणगुणायला लागली. आधी वाटलं रस्ताच खडबडीत आहे. मग नवा डांबरी रस्ता लागला तरी गुणगुण तशीच. ताशी 40 च्या खाली काही नाही, 40 च्या वर भुंगा अडकल्यासारखा आवाज आणि 60 ला तर रेडिओ बंद करावा लागे. आमच्या गावात चार गॅरेज आहेत, त्यातल्या एका गॅरेजवाल्याकडे मी वीस वर्षं जातो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी गाडी उघडलीही नाही. शेजारी बसले, दोन किलोमीटर फिरून आले आणि दखनीत म्हणाले, "मास्टर, इंजन नई बोल रा, चाक बोल रा. बेरिंग गई."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दिवसभर शब्दांशी खेळणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. कुणी काही बोललं की त्यातला मुद्दा सोडून तो शब्दच धरून बसतो. परतताना माझ्या डोक्यात बेअरिंगचा खर्च नव्हता. त्यांनी मला 'मास्टर' म्हटलं होतं आणि गावातले हिंदू शेतकरी त्यांना 'मिस्त्री' म्हणतात, हे दोन शब्द डोक्यात फिरत होते. कारण हे दोन शब्द मुळात एकच आहेत. लॅटिन भाषेत 'मॅजिस्टर' म्हणजे शिकवणारा, वरचढ, हुन्नर जाणणारा. तो शब्द इंग्रजीतून आला तेव्हा 'मास्टर' झाला आणि मराठीत 'मास्तर'. तोच शब्द पोर्तुगीजांच्या जहाजातून आला तेव्हा 'मेस्त्र' होता, आपल्या किनाऱ्यावर तो 'मेस्त्री' आणि 'मिस्त्री' झाला. एकाच घरातून निघालेले दोन भाऊ. एकाच्या हातात खडू आला, दुसऱ्याच्या हातात पाना. एकाला समाजाने खुर्ची दिली, दुसऱ्याला गोणपाट.

हा लेख चाकाच्या आवाजाबद्दल आहे आणि या दोन भावांबद्दलही.

चाकापासून सुरुवात करू. संस्कृतातलं 'चक्र', आपलं 'चाक' आणि फारसीतलं 'चर्ख' हे सख्खे शब्द आहेत. उर्दू शायरीत आसमानाला चर्ख म्हणतात, कारण तो फिरतो. 'चरखा' तिथूनच आला. म्हणजे कुंभाराचं चाक, सूत कातायचा चरखा आणि डोक्यावरचं फिरतं आभाळ एकाच शब्दाच्या पोटातले. आपल्या महाराष्ट्रात चाक किती जुनं आहे याचा एक सुंदर पुरावा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला 1974 साली सापडला. कांस्याची चार शिल्पं. त्यात दोन बैल जुंपलेला, माणूस उभा असलेला दोन चाकांचा रथ आहे. तज्ज्ञ त्यांच्या काळाबद्दल वाद घालतात, पण साधारण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या या मातीत चाक आणि बैल यांचं नातं पक्कं होतं, असं बहुतेक मानतात.

पण चाक हा अर्धाच शोध आहे. उरलेला अर्धा शोध चाकाच्या मधोमध असतो, जिथे फिरणारी वस्तू न फिरणाऱ्या वस्तूला टेकते. बैलगाडीचा तुंबा आठवा. त्यात आऱ्या बसवलेल्या, बाहेरून लोखंडी धाव, आणि तुंब्याच्या भोकातून आरपार गेलेला आस. गाडी भरलेली असली की सगळं वजन तुंब्याच्या आतल्या भिंतीवर घासत जायचं. त्यावर उपाय एकच होता, वंगण. गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना त्याचा वासही आठवेल. वंगण संपलं की चाक करकरायचं, आस झिजायचा आणि बैलांच्या मानेवर भार यायचा. म्हणजे घर्षणाची किंमत शेवटी कुणाच्या तरी मानेने चुकवायची असते.

घासण्याऐवजी घरंगळू द्यावं, ही कल्पना मात्र फार जुनी आहे. जड दगड सरकवताना खाली गोल ओंडके टाकणाऱ्या माणसाला ती कळलेली होती. इटलीत रोमजवळच्या नेमी तळ्यात रोमन सम्राट कॅलिगुलाच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातली दोन प्रचंड जहाजं बुडालेली होती. 1928 नंतर तळ्याचं पाणी उपसून ती बाहेर काढली, तेव्हा त्यांत एका फिरत्या चौथऱ्याचे अवशेष मिळाले. चौथऱ्याखाली गोळे बसवलेले होते. 1944 साली युद्धात ती जहाजं जळाली. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या शेवटी आपल्या वहीत गोळ्या एकमेकींना घासू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळं ठेवणारी रचना काढून ठेवली. ती वही माद्रिदच्या ग्रंथालयात हरवल्यासारखी पडून होती आणि 1965 साली पुन्हा हाती आली.

इथे माझ्या वाचकांपैकी काही जण विचारतील, की यात मुसलमानांचं काय? अल-जजरीचं नाव अजून का आलं नाही? हा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण आमच्या कार्यक्रमांतून तो हमखास येतो. तर आधी हे सांगतो, की अल-जजरीने बेअरिंग शोधलं असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही आणि प्रत्येक शोधावर आपल्या पूर्वजांचा शिक्का मारत सुटणं हा अभिमान नाही, तो न्यूनगंड आहे. दुसरे कुणी आपापल्या पुराणात विमानं शोधतात तेव्हा आपण हसतो. तेच आपण करू नये.

पण अल-जजरी या गोष्टीत वेगळ्या कारणाने येतो. तो दियारबकरच्या अर्तुकी दरबारात यंत्रं बनवणारा कारागीर होता. 1206 साली त्याने एक ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उपसणारी यंत्रं, पाण्यावर चालणारी घड्याळं, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या, सगळ्यांच्या आकृत्या आहेत आणि त्या कशा बनवायच्या हे क्रमाने सांगितलं आहे. त्या ग्रंथाच्या अरबी नावात दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत: इल्म आणि अमल. ज्ञान आणि कृती, दोन्हींचा मेळ. आठशे वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने लेखणी हातात घेतली आणि जे हाताला ठाऊक होतं ते कागदावर आणलं, ही मला त्याच्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठी गोष्ट वाटते. कारण बहुतेक मिस्त्रींनी लिहिलं नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं, किंवा त्यांनी लिहावं असं कुणाला वाटलं नाही.

पुढे बेअरिंगच्या इतिहासात जी नावं येतात ती पाहिली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हे लोक बहुतेक कारखान्यातले, दुकानातले, हात काळे झालेले आहेत. इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसन हा मुळात सुतार. समुद्रावर अचूक चालणारं घड्याळ बनवताना अठराव्या शतकाच्या मध्यात त्याने जाळीत बसवलेल्या रोलरांचं बेअरिंग वापरलं. 1794 साली वेल्समधल्या कारमार्थनच्या फिलिप वॉन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. 1869 साली पॅरिसमधल्या ज्यूल स्युरिरे या सायकल मेकॅनिकने सायकलच्या चाकासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला पॅरिस ते रुआं अशी सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत झाली. ती जेम्स मूर याने जिंकली आणि त्याच्या सायकलीच्या चाकांत बॉल बेअरिंग होती. ती सायकल इतरांच्या पुढे गेली, कारण तिचं चाक मधोमध घासत नव्हतं.

अडचण एकच होती. सगळ्या गोळ्या सारख्या मापाच्या हव्यात. एक गोळी केसभर मोठी असली तर सगळा भार तीच घेते आणि फुटते. हाताने घासून एकसारख्या गोळ्या बनवणं म्हणजे महागडं काम. 1883 साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारं यंत्र बनवलं आणि ते लहान गाव बेअरिंगची राजधानी झालं. अमेरिकेत हेन्री टिमकेन हा घोडागाड्या बनवणारा. वळणावर गाडीचं चाक फक्त वरून दाबलं जात नाही, बाजूनेही ढकललं जातं, हे त्याने रोज पाहिलेलं होतं. त्याने भाच्याबरोबर निमुळत्या रोलरांचं बेअरिंग तयार केलं आणि 1898 साली त्याचं पेटंट मिळालं. ते दोन्ही बाजूंचा भार पेलतं. आजही ट्रकच्या चाकात तेच असतं. स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्ट हा एका कापडगिरणीत यंत्रांची देखभाल पाहायचा. गिरणीखालची जमीन सरकायची, लांबलचक दांडे तिरके व्हायचे, बेअरिंग जळायची आणि गिरणी बंद पडायची. 1907 साली त्याने आपोआप सरळ होणारं बेअरिंग बनवलं आणि एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. व्होल्वो गाडीसुद्धा याच कंपनीच्या पोटातून 1927 साली जन्मली. 'व्होल्वो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'मी फिरतो' असा आहे.

एवढीशी वस्तू, पण तिच्याविना रणगाडा हलत नाही आणि विमान उडत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे हेरलं आणि श्वाइनफुर्टच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकायचं ठरवलं. 14 ऑक्टोबर 1943 रोजी झालेल्या हल्ल्यात अमेरिकेची 60 बॉम्बफेकी विमानं एका दिवसात पडली. एका विमानात साधारण 10 माणसं असत. आपल्या चाकात गुपचूप फिरणाऱ्या गोळ्यांसाठी किती माणसं आकाशातून खाली आली आणि खाली किती मेली, हे गॅरेजमध्ये ग्रीस पुसताना कुणाच्या मनात येत नाही.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा उद्योग आला. 1946 साली बिर्लांनी जयपूरला बेअरिंगचा कारखाना काढला. पुढे पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफचा कारखाना आला. गाड्या बनवण्यासाठी वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडू लागली. 1970 च्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे तीच. ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे फोटो छापले. फोटोत गाडी होती, चालक होते. ती गाडी इतकी वर्षं कुणी चालती ठेवली, ते हात फारसे कुठे दिसले नाहीत.

परवाना राजच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि सुटे भाग मिळायचे नाहीत. त्यामुळे फेकून देणं परवडत नव्हतं. जुनं उघडायचं, धुवायचं, घासायचं, पुन्हा बसवायचं. या कामात मुस्लिम मोहल्ले पुढे होते. नालबंद, शिकलगार, लोहार, पिंजारी अशा हाताच्या हुन्नरावर जगणाऱ्या बिरादऱ्या आमच्यात होत्याच. घोड्याला नाल ठोकणाऱ्याचा धंदा बसला तेव्हा त्याच्या मुलाने हातोडी टाकली नाही, ती घेऊन तो मोटारीकडे गेला. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात हे आकड्यांच्या भाषेत आलं. मुस्लिम कामगार ज्या क्षेत्रांत तुलनेने जास्त दिसतात त्यांत व्यापार, वाहतूक, कापड, धातूकाम यांच्या बरोबरीने वाहनदुरुस्ती आहे. आणि नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणारेच जास्त. पेन्शन नाही, रजा नाही, विमा नाही. डोळे आणि कान शाबूत आहेत तोवर रोजी.

आता माझ्या गाडीकडे येतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, गॅरेज बंद. शनिवारी सकाळी गेलो. उस्तादांनी आधी शहानिशा केली. ते म्हणाले, आवाज ऐकून माणूस फसतो, म्हणून तीन वेळा विचारायचं. पहिला प्रश्न रस्त्यावर. गाडी वेगात असताना गिअर काढून टाकायचा. इंजिन मंदावलं आणि तरीही गुणगुण तशीच राहिली, तर इंजिनाचा दोष नाही. मग मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकंसं उजवीकडे वळवायचं. तेव्हा गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. आवाज वाढला तर बहुधा डावीकडचं बेअरिंग. माझा वाढला. दुसरा प्रश्न टायरला. टायर वेडावाकडा झिजला असेल तरी अशीच गुणगुण येते, पण ती रस्ता बदलला की बदलते. टायरवरून हात फिरवून त्यांनी तो संशय मिटवला. तिसरा प्रश्न चाकाला. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं चाक जॅकवर उचलून खाली घोडा ठेवला. टायर वर आणि खाली धरून हलवला. किंचित टकटक. "ब्रेक दाबा," ते म्हणाले. मी दाबला, टकटक थांबली. म्हणजे ढिलाई बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही हललं असतं तर बॉल जॉइंट पाहावा लागला असता.

मग त्यांनी गॅरेजमधल्या मुलाला बोलावलं. त्याने चाक हाताने फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं वरच्या स्प्रिंगवर टेकवली. "हात ठेवा सर," तो मला म्हणाला. मी ठेवला. स्प्रिंगमधून खरखर बोटात येत होती, जशी जात्यातून रवा पडताना यावी. निरोगी चाकाच्या स्प्रिंगमध्ये असं काही जाणवत नाही. मग मी त्या मुलाकडे नीट पाहिलं. तो माझा विद्यार्थी होता. आठवीनंतर शाळा सोडलेला. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हाताने 'लक्ष केंद्रित होत नाही' असं लिहिलेलं मला आठवलं. त्याला आठवत होतं की नाही, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काम दुपारपर्यंत चाललं. आसाचं मोठं नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केलं, कारण चाक हवेत असलं की जोर लागत नाही. मग चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर बांधला, नळीला लोंबकळू दिला नाही. डिस्क निघाली, स्टिअरिंगचा सांधा सुटला, खालचा बॉल जॉइंट सुटला आणि सगळा नकल बाकावर आला. प्रेसखाली हब निघालं, पण जुन्या बेअरिंगची आतली कडी हबला चिकटून राहिली. ती पुलर लावून ओढली. सर्क्लिप काढून उरलेलं बेअरिंग दाबून बाहेर काढलं. कडीच्या आत लहान खड्डे पडलेले, ग्रीस तपकिरी झालेलं. पावसात खड्ड्यातून गाडी घातली, सीलमधून पाणी शिरलं, गंज आला, उस्ताद म्हणाले. "गोली का कुछ नई बिगडता पहले. पानी रास्ता बिगाडता."

नवं बेअरिंग बसवताना त्यांनी मुलाला एकच वाक्य दोनदा सांगितलं. नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा, आणि हब बसवताना आतल्या कडीला खालून टेकू द्यायचा. कारण चुकीच्या कडीवर जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, पोलादी रस्त्यावर डोळ्याला न दिसणारे खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून मरायला लागतं. हातोडीने ठोकून बसवणारे असतात, गाडी जाते, गिऱ्हाईक खूश होतं आणि महिन्याभरात परत येतं. शेवटी नवं नट, मोजून दिलेला ताण आणि पुन्हा दोन किलोमीटरची फेरी. गाडी गप्प झाली होती.

ग्रीस वाळत असताना मी बाकावरच्या खोक्यातलं दुसऱ्याच यंत्राचं एक बेअरिंग उचललं. त्यावर 6205 असा आकडा होता. मुलगा म्हणाला, "सर, पंचवीस." मी विचारलं कसं? म्हणाला, शेवटचे दोन आकडे पाचाने गुणायचे. 04 म्हणजे आतलं भोक 20 मिलिमीटर, 05 म्हणजे 25, 06 म्हणजे 30. पण 00 ते 03 ला हा हिशोब चालत नाही, ते पाठ करावे लागतात, 10, 12, 15, 17. आणि चाकाच्या बेअरिंगवर कंपन्यांचे आपले वेगळे नंबर असतात, तिथे वही बघावी लागते. हाच मुलगा फळ्यासमोर पाचाच्या पाढ्यात अडखळायचा. आणि इथे त्याला नियम ठाऊक होता, नियमाचा अपवाद ठाऊक होता आणि नियम कुठे थांबतो हेही ठाऊक होतं. व्याकरण शिकवताना मी मुलांकडून नेमकं एवढंच मागत असतो.

इथे लेख गोड करून संपवता आला असता. गॅरेज हीच खरी शाळा, उस्ताद हेच खरे शिक्षक, असं म्हटलं की टाळ्या मिळतात. मला ते म्हणायचं नाही. मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये दहा-बारा वर्षांची पोरं काम करताना मी पाहिलेली आहेत. त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'छोटू'. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे, 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला मनाई आहे, आणि तरी ती पोरं तिथे आहेत. त्यात गरिबीचा वाटा आहे आणि माझ्यासारख्या शिक्षकांचाही, ज्यांना त्यांच्या बोटांतलं शहाणपण ओळखता आलं नाही. गॅरेजला पवित्र ठरवून आपण ही जबाबदारी झटकू शकत नाही.

आणि काळही थांबलेला नाही. नव्या गाड्यांत बेअरिंग, हब आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर असं सगळं एकाच बंद डब्यात येतं. बोल्ट काढायचे, नवा डबा लावायचा. त्याची वायर दुखावली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो दिवा का लागला हे कळायला स्कॅनर लागतो, स्कॅनरवरचं वाचता यावं लागतं. नट किती ताणायचं हे गाडीगणिक वेगळं आणि ते पुस्तकात छापलेलं असतं. उस्तादांचा कान अजूनही लागेल, विजेच्या गाडीलाही चाकं असतातच. उलट तिथे इंजिनाचा आवाज नाही, म्हणून बेअरिंगची कुरकुर आधी ऐकू येईल. पण नुसत्या कानावर पुढची पंचवीस वर्षं निघणार नाहीत. इल्मविना अमल थकतो, आणि अमलविना इल्म कसा असतो ते मी स्टाफरूममध्ये रोज पाहतो.

म्हणून पैसे देताना मी उस्तादांना एक गोष्ट विचारली. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. 17 नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता येते. दहावी झाली तर आयटीआयला मोटर मेकॅनिकचा रस्ता उघडतो. आठवड्यात तीन संध्याकाळी त्याला मोकळा सोडाल का? मी शिकवतो, फी नको. उस्ताद जरा वेळ गप्प राहिले. हात पुसत म्हणाले, "मास्टर, मेरे को भी किसी ने बोला होता तो?" मग मुलाकडे वळून म्हणाले, "जा. मगर जुमेरात को नई, उस दिन काम जास्ती रहता."

फॉर्म भरून झाला आहे. मराठी आणि उर्दूची मला काळजी नाही, इंग्रजी जड जाईल. गणितासाठी मी पाढ्यांपासून सुरुवात केलेली नाही. पहिल्या संध्याकाळी मी गॅरेजमधून उसनं आणलेलं 6205 टेबलावर ठेवलं. आतला व्यास 25, बाहेरचा 52. दोन वर्तुळं, त्यांचे परीघ काढ, असं सांगितलं. त्याने आधी ते बेअरिंग बोटात धरून फिरवलं, कानाजवळ नेलं आणि म्हणाला, "सर, हे चांगलं आहे." मग पेन्सिल उचलली.